निकोडेमस : १६,००० डॉलरचे रोखे आणि न आलेली रेल्वे

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, २४ क्रमांकाच्या महामार्गाला लागून निकोडेमस नावाची वस्ती आहे. चुनखडीच्या दगडाचे एक सभागृह, दोन जुनी चर्चेस, शाळेची इमारत, एक जुने हॉटेल, विखुरलेली थोडी घरे आणि चहूकडे गव्हाची शेते. कायम राहणारी माणसे दोन डझनांच्या आत. १८७७ साली केंटकीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ही वस्ती वसवली. त्यातली बहुतेक जाणती माणसे जेमतेम बारा वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होती. त्या काळात कृष्णवर्णीयांनी पश्चिमेच्या गवताळ प्रदेशात वसवलेल्या बहुतेक वसाहती नकाशावरून पुसल्या गेल्या. निकोडेमस राहिले.

या गावाची गोष्ट साधारण एकाच क्रमाने सांगितली जाते. मोठ्या आशेने माणसे आली, हालात दिवस काढले, दहा वर्षांत गाव भरभराटीला आले, १८८८ मध्ये रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव संपले. यातली प्रत्येक घटना खरी आहे, शेवटचे वाक्य मात्र खरे नाही. १८८८ मध्ये निकोडेमसची बाजारपेठ उठली. बाजारपेठेभोवतालच्या जमिनी कसणारी कुटुंबे तिथेच राहिली, त्यांची मुले-नातवंडे त्याच जमिनी कसत राहिली, आणि निकोडेमसचा खरा कस लागला तो त्यानंतर पन्नास वर्षांनी. त्यामुळे रेल्वेचा प्रश्न इथे सविस्तर घ्यावा लागतो, कारण बहुतेक गैरसमज तिथून सुरू होतात.

वसाहतीआधीच्या काळाबद्दल थोडक्यात. हा प्रदेश पॉनी आणि कॅन्सा लोकांच्या शिकारीच्या वाटांवरचा. पुढे शायेन आणि अरापाहो लोकांचा वावर इथे वाढला. १८७० च्या दशकात कातड्यांच्या व्यापारासाठी रानगव्यांचे कळप मारले गेले, मूळ रहिवाशांना दक्षिणेकडच्या राखीव प्रदेशांत हलवले गेले आणि मोजणीदारांनी गवताच्या माळावर चौरस आखले. ‘रिकामी जमीन’ म्हणून जी जाहिरात झाली ती या सगळ्यानंतरची. गव्यांची हाडे मात्र माळावर पडून होती, आणि पहिल्या वर्षांत निकोडेमसच्या लोकांनी ती गोळा करून खतासाठी विकली, त्यावर काही कुटुंबांनी हिवाळा काढला.

१८७७ हे वर्ष योगायोगाने आलेले नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेत नव्या हक्कांना आधार म्हणून जे केंद्रीय सैन्य होते, ते याच वर्षी शेवटचे मागे घेतले गेले. मतदानाच्या दिवशी बंदुका घेऊन उभे राहणारे गट, खंडाच्या शेतीत वर्षभर राबून शेवटी मालकाच्या वहीत उरणारे कर्ज, जमीन विकत घ्यायला निघाले तर विकणाराच न मिळणे, या गोष्टी केंटकीतही होत्या. १८७३ साली पुण्यातून निघालेल्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका मराठी वाचकाला ठाऊक आहे. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांचा गौरव तिच्यात आहे. त्यानंतर चारच वर्षांनी त्या मुक्त झालेल्यांपैकी काहीशे माणसे, कायद्याने मिळालेली मुक्तता पोटाला पुरत नाही म्हणून, घरदार सोडून निघाली होती. जायचे कुठे, तर कॅन्ससला. गुलामगिरी नको म्हणून रक्त सांडलेले राज्य अशी त्याची ख्याती होती. आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली तिथे १६० एकर सरकारी जमीन थोड्या नोंदणी शुल्कावर मिळत होती. अट एवढीच की पाच वर्षे तिथे राहून ती कसायची.

इथे एक घोळ दूर केलेला बरा. १८७९ मध्ये मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सास या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय माणसे कॅन्ससकडे निघाली. त्या लोंढ्याला ‘एक्झोडस्टर’ हे नाव पडले. निकोडेमसचे लोक सर्रास त्यांच्यात धरले जातात. पण ते दोन वर्षे आधी आले, बरेचसे केंटकीतल्या लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउनच्या परिसरातून, ठरवून, गटागटाने आणि शुल्क भरून. ती घाबरून पळालेली गर्दी नव्हती. गाव वसवण्यासाठी काढलेली त्यांची कंपनी नोंदलेली होती, तिचे पदाधिकारी ठरलेले होते आणि गावाचा नकाशा आखलेला होता.

ती कंपनी १८७७ च्या एप्रिलात स्थापन झाली. तिच्यात एक सोडून सगळे कृष्णवर्णीय होते. अध्यक्षही कृष्णवर्णीय, आणि पहिला प्रत्यक्ष वसाहतकार एक धर्मोपदेशक. एकमेव गोरा माणूस म्हणजे इंडियानातून आलेला जमिनीचा व्यवहार करणारा एक गृहस्थ. त्याच्याच नावावरून पुढे जवळच हिल सिटी वसली. २ जुलै १८७७ च्या तारखेचे त्यांचे छापील पत्रक उपलब्ध आहे. त्यात सॉलोमन खोऱ्यातल्या या जागेला ‘वचनदत्त भूमी’ म्हटले आहे, राज्याची राजधानी टोपेका हिच्यापासून पश्चिमेला २४० मैल असे तिचे ठिकाण सांगितले आहे, आणि देशभरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांना तिथे येण्याचे आमंत्रण दिले आहे. सभासद व्हायला ५ डॉलर. पहिली पाच वर्षे गावाच्या हद्दीत दारूचे दुकान चालणार नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. गाव १६० एकरांचे आखले. आखलेल्या गावात घर मात्र एकही नव्हते.

सप्टेंबर १८७७ मध्ये सुमारे ३०० माणसांचा मोठा जथा आला. रेल्वेने ते एलिस या ठाण्यापर्यंत आले. तिथून निकोडेमस तीस-पस्तीस मैल उत्तरेला. गाड्या भाड्याने घेण्याइतके पैसे फार थोड्यांकडे होते, बाकीच्यांनी सामान आणि मुले घेऊन ते अंतर पायी तोडले. पोहोचल्यावर दिसले काय, तर गवत. झाड नाही, विटा नाहीत, लाकूड नाही. आधी आलेल्या मोजक्या लोकांनी नदीकाठच्या उतारात खड्डे खणून त्यावर फांद्या, गवत आणि माती घातली होती, तीच घरे. धुराडी जमिनीतून वर येत होती म्हणून तिथे माणसे राहतात हे कळायचे. पुढच्या वसंतात आलेल्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीने उतारवयात सांगितलेली आठवण नोंदलेली आहे : निकोडेमस कुठे आहे असे तिने विचारले, नवऱ्याने धुराकडे बोट दाखवले, आणि तिला रडू कोसळले.

राग अनावर होणे साहजिक होते. पत्रकातले वर्णन आणि डोळ्यांसमोरचा माळ यांचा काही मेळ नव्हता. त्या जमीन-व्यवहारी गृहस्थाला फासावर चढवायला लोक निघाले होते आणि तो लपून निसटला, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बरीच कुटुंबे लगेच मागे फिरली किंवा पूर्व कॅन्ससमध्ये मजुरीला गेली. राहिले त्यांच्याकडे औजारे नव्हती. संपूर्ण वसाहतीत घोडे बोटांवर मोजण्याइतके. पहिल्या हंगामात अनेकांनी कुदळ-फावड्याने गवताची मुळे तोडून तुकडा-तुकडा जमीन मोकळी केली. त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याजवळचे मांस त्यांना दिले. जमिनीवरून हटवले गेलेले आणि त्याच जमिनीवर नव्याने आलेले यांच्यातला हा व्यवहार निकोडेमसच्या प्रत्येक आठवणीत येतो, आणि तो येत राहावा असे मला वाटते.

राज्यातल्या इतर भागांतून धान्य, कपडे, बियाणे अशी मदतही मागवली गेली. ती आली आणि तिने जीव वाचवले. पण १८७९ मध्ये वसाहतीने स्वतःहून अशी मदत मागणे थांबवले आणि मूळ कंपनीही विसर्जित केली. फुकटच्या मदतीच्या बातमीने अजून निर्धन माणसे येतील आणि आधीच तोकडे असलेले साधन फुटेल, ही भीती त्यामागे होती. स्वतःच्या बळावर उभे असल्याचे दाखवण्याचा आग्रहही होता. त्याच काळात काउंटीतला क्रमांक १ चा शाळा-विभाग निकोडेमसमध्ये स्थापन झाला. त्याआधी मुले एका मातीतल्या घरात शिकत होती.

शेतीबद्दल एक गोष्ट समजून घेतली तर पुढचे सगळे समजते. निकोडेमस १०० अंश पश्चिम रेखांशाच्या अगदी जवळ आहे. त्या रेषेच्या पूर्वेला कोरडवाहू शेतीला पुरेल असा पाऊस, पश्चिमेला भरवसा नाही. इथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या पर्जन्यछायेत पडतो साधारण तितकाच. चांगली चार वर्षे लागोपाठ आली की माणूस विसरतो, आणि मग दोन कोरडी वर्षे सगळे घेऊन जातात. १६० एकर हा आकडा पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशाच्या हिशेबाने ठरवलेला होता. या माळावर एका कुटुंबाला तेवढी जमीन पुरत नाही. हा दोष कायद्यात होता आणि गोऱ्या-काळ्या सगळ्याच वसाहतकारांना तो भोगावा लागला. ज्यांच्याकडे मागे विकायला काही नव्हते, त्यांना जास्त.

तरीही १८८० च्या दशकाच्या मध्यावर निकोडेमस उभे राहिले. किराणा आणि औषधांची दुकाने, हॉटेले, बँक, चर्चेस, टपाल कचेरी आणि १८८६-८७ मध्ये दोन वर्तमानपत्रे. ग्रॅहम काउंटी १८८० मध्ये रीतसर स्थापन झाली. १८७८ मध्ये इथे येऊन राहिलेला एक तरुण वकील तिचा पहिला कारकून नेमला गेला. पुढे १८८२ मध्ये तोच राज्याच्या लेखापरीक्षकपदी निवडून आला आणि १८८४ मध्ये पुन्हा. कॅन्ससमध्ये राज्यपातळीवरचे पद निवडणुकीने मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. आसपास गोरे शेतकरी होतेच. गावातल्या काही दुकानांचे मालक गोरे होते, आणि व्यवहार दोन्हीकडून चालायचा.

आता रेल्वे. निकोडेमसचा माल बैलगाडी-घोडागाडीने पूर्वेला स्टॉक्टनला जायचा, सुमारे १९ मैल, किंवा दक्षिणेला एलिसला. गव्हासारखा जड आणि स्वस्त माल एवढ्या अंतरावर नेला की नफा चाकाखालीच जातो. कोळसा, इमारती लाकूड, नांगर हे सगळे त्याच रस्त्याने उलट यायचे. १८८५ पर्यंत एका मोठ्या कंपनीचा मार्ग स्टॉक्टनपर्यंत आलेला होता आणि तो पश्चिमेला वाढवण्याची बोलणी सुरू होती. १८८६ ते १८८८ ही वर्षे कॅन्ससमध्ये रेल्वेच्या वेडाची होती. कागदावर मार्ग आखले जात, त्या मार्गावर गावे आखली जात, आणि गावाच्या भूखंडांचे भाव चढत. निकोडेमसमधली दोन्ही वर्तमानपत्रे त्या भरात होती.

मार्च १८८७ मध्ये निकोडेमस टाउनशिपच्या मतदारांनी त्या कंपनीसाठी १६,००० डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. टाउनशिप म्हणजे गाव आणि भोवतालची शेते मिळून होणारे करवसुलीचे एकक. रोखे काढायचे, ते रेल्वे कंपनीला मदत म्हणून द्यायचे आणि त्यांचे मुद्दल-व्याज पुढे वर्षानुवर्षे जमिनीवरच्या करातून फेडायचे, अशी ही पद्धत होती. याच निर्णयावर आजवर सर्वांत जास्त शाई खर्च झाली आहे.

एक बाजू म्हणते, हा अविचार होता. गव्हाचा भाव त्या वर्षी बुशेलला (बुशेल हे तिकडचे धान्याचे माप) एका डॉलरच्या बराच खाली होता, म्हणजे ही रक्कम १६,००० बुशेलांहून कितीतरी जास्त गव्हाची होती. काहीशे माणसांची वस्ती, त्यात अनेकांच्या डोक्यावर कर्ज, आणि त्यांनी एका बलाढ्य कंपनीला पैसे देऊ करायचे. दुसरी बाजू म्हणते, उलट त्यांनी हात आखडता घेतला, कंपनीने आणखी मागितले आणि मोबदल्यावर एकमत न झाल्याने बोलणी फिसकटली. तिसरे मत असे की हे सगळे निमित्त होते आणि कृष्णवर्णीयांच्या गावाला ठाणे द्यायचेच नव्हते.

पहिले मत मला पटत नाही, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. असे रोखे त्या काळी कॅन्ससमधल्या जवळपास प्रत्येक होतकरू टाउनशिपने आणि काउंटीने काढले. राज्याचा कायदा त्याला मुभा देत होता आणि रेल्वे कंपन्या त्याशिवाय बोलायलाच बसत नसत. शिवाय रोखे कंपनीच्या हातात साधारणतः तेव्हाच पडत जेव्हा ठरलेल्या मुदतीत रूळ गावात येऊन गाडी धावू लागे. रूळ आले नाहीत तर देणेही नाही. कंपनी आली नाही, त्यामुळे ‘निकोडेमस रोख्यांनी बुडाले’ हे म्हणणे हिशेबात बसत नाही. एकच निर्णय गोऱ्यांच्या गावाने घेतला की त्याला दूरदृष्टी म्हणायचे आणि कृष्णवर्णीयांच्या गावाने घेतला की भाबडेपणा, हे या चर्चेत पुन्हा पुन्हा झाले आहे.

या मतदानाची आणखी एक बाजू आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. मार्च १८८७ मध्ये निकोडेमसचे पुरुष सार्वजनिक कर्जावर, स्वतःच्या जमिनीच्या करावर, मोकळेपणी मतदान करत होते. ज्या दक्षिणेतून ते आले होते तिथे त्याच वर्षांत त्यांच्या भाऊबंदांचा मताधिकार धमक्या, कर आणि कायद्याच्या पळवाटांनी काढून घेतला जात होता. दहा वर्षांपूर्वी त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर एक एकरही नव्हता. १६,००० डॉलरचे कर्ज काढायचे की नाही हे ठरवणे, हा जमीन आणि मत दोन्ही असलेल्या माणसांचा निर्णय होता. तो चुकला असता तरी त्यांचाच होता.

कंपनी स्टॉक्टनलाच थांबली. दरम्यान दुसरी एक मोठी कंपनी आग्नेयेकडून, प्लेनव्हिलच्या बाजूने, एक शाखा पश्चिमेला नेत होती. निकोडेमसने तिच्याकडेही डोळे लावले. १८८८ मध्ये तिचे रूळ आले, पण नदीच्या दक्षिणेने. कामगारांचा तळ नदीपलीकडे पडला आणि त्याचे गाव झाले, तेच बोग. निकोडेमसपासून अंतर पाच मैलांच्या आत.

इथे नकाशा समोर ठेवावा. प्लेनव्हिलहून निघालेला मार्ग हिल सिटीला पोहोचवायचा तर तो पाल्को, डॅमार, बोग असा तिरका वायव्येला जातो. निकोडेमस त्या तिरक्या रेषेच्या ईशान्येला, नदीच्या उत्तर बाजूला पडते. तिथे यायचे तर वळसा आणि पुलाचा खर्च. म्हणजे दुसऱ्या कंपनीपुरते बोलायचे तर भूगोल आणि पैसा एवढे कारण पुरेसे ठरते. पण हिल सिटी त्याच वर्षी, १८८८ मध्ये, काउंटीचे मुख्य ठिकाण झाली. ज्या माणसाने ५-५ डॉलर घेऊन लोकांना निकोडेमसला आणले, त्याच्या नावाचे गाव रेल्वेवर आले आणि कचेऱ्याही तिकडे गेल्या. निकोडेमसच्या लोकांना यात निव्वळ भूगोल दिसला नाही, तर त्यांना दोष देता येत नाही. वर्णद्वेषाचा लेखी पुरावा दाखवा, असे म्हणणे सोपे आहे. मार्ग कुठून न्यायचा हे जिथे ठरत होते त्या खोलीत निकोडेमसचा एकही माणूस नव्हता, एवढे तरी निर्विवाद आहे.

परिणाम लगेच दिसला. दुकानदारांनी माल उचलला, आणि मालाबरोबर लाकडी दुकानेही गाड्यांवर चढवून बोगला नेली. जे वर्तमानपत्र लोकांना धीर देत होते, इथेच राहा म्हणत होते, तेही १८८८ संपेपर्यंत बंद पडले. दुसरे त्याआधीच थांबले होते. राज्याचे लेखापरीक्षकपद भूषवलेला तो वकील कॅन्सस सोडून पुढे ओक्लाहोमात नव्या कृष्णवर्णीय वसाहतींच्या कामाला लागला. इथे बहुतेक लेखक पूर्णविराम देतात.

पण बोगला ठाणे आल्याचा दुसरा अर्थ पाहा. निकोडेमसच्या शेतकऱ्याला पूर्वी गहू १९ मैल न्यावा लागायचा, आता पाच मैलांत गाडी मिळू लागली. दुकानदाराचे जे नुकसान झाले ते शेतकऱ्याचे झाले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हाचे भाव सुधारले, हिवाळी गव्हाच्या चांगल्या जाती स्थिरावल्या, आणि टाउनशिपमधल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपल्या जमिनी वाढवल्या. या सुधारणेच्या खुणा गावात उभ्या आहेत. बॅप्टिस्ट चर्चची इमारत १९०७ ची, शाळेची १९१८ ची. मरून पडलेले गाव रेल्वे गेल्यावर १९ आणि ३० वर्षांनी चर्च आणि शाळा बांधत नाही. मुक्तिदिनाचा मेळावाही याच काळात मोठा झाला. ब्रिटिश वेस्ट इंडिजमधील गुलाम १ ऑगस्टला मुक्त झाले, त्या तारखेच्या आसपास तो भरायचा. आसपासच्या काउंट्यांतून गोरी माणसेही यायची, दोन-तीन दिवस जेवणावळी, भाषणे, बेसबॉल चालायचे.

मोडण्याची वेळ आली ती १९३० च्या दशकात. मंदीने गव्हाचा भाव तळाला गेला आणि पाठोपाठ अवर्षण आले, धुळीची वादळे आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात चढ्या भावांच्या आशेने गवत मोडून नांगरलेली माती उडून गेली. कर थकले, गहाणखते बुडाली. निकोडेमसची लोकसंख्या १९३५ मध्ये ७६ वर आली. १९३९ मध्ये केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून स्थानिक चुनखडीचे सभागृह बांधले गेले, आणि त्या मजुरीवर काही घरांत चूल पेटली. आज पाहुण्यांना माहिती दिली जाते ती याच इमारतीत. दुसरे महायुद्ध सुरू झाले तसे तरुण कारखान्यांत आणि सैन्यात गेले. डेन्व्हर, टोपेका, विचिटा, कॅलिफोर्निया. परत येणारे थोडे. १९५० मध्ये गावात १६ माणसे उरली. १९५३ मध्ये टपाल कचेरी बंद झाली, १९६० मध्ये शाळा.

हे फक्त निकोडेमसचे झाले नाही. पश्चिम कॅन्ससमधली गोऱ्यांची शेकडो छोटी गावेही याच वर्षांत ओस पडली, कारण यंत्रे मोठी झाली, शेते मोठी झाली आणि माणसे कमी लागू लागली. पण कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या वाट्याला याच्यावर आणखी एक गोष्ट आली. १९२० मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या नऊ लाखांच्या वर होती. शतक संपेपर्यंत ती वीस हजारांच्या खाली आली, गोऱ्या शेतकऱ्यांच्या घटीपेक्षा कितीतरी वेगाने. पेरणीच्या वेळी मिळणारे सरकारी कर्ज उशिरा देणे, कमी देणे, नाकारणे, आणि तक्रारीची दखलच न घेणे, याबद्दल देशभरातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९९७ मध्ये केंद्रीय कृषी खात्यावर दावा लावला. १९९९ मध्ये त्यात समझोता झाला आणि नुकसानभरपाईचा मार्ग उघडला. पैसे मिळाले. पेरणी चुकल्यामुळे विकली गेलेली जमीन परत मिळाली नाही. निकोडेमसच्या कुटुंबांसाठी हे दूरचे प्रकरण नव्हते. त्यांच्यातलेही शेतकरी त्या लढ्यात होते.

गाव ओस पडत असतानाच त्याच्याकडे इतिहास म्हणून पाहणे सुरू झाले. १९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक खूण म्हणून मान्यता मिळाली. बाहेर गेलेल्यांच्या मुलांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची इतिहास संस्था काढली, कागदपत्रे आणि वृद्धांच्या आठवणी गोळा केल्या, आणि संसदेपर्यंत पाठपुरावा केला. १९९६ मध्ये कायदा होऊन निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. पाच इमारती त्यात आल्या : १८८५ चे आफ्रिकन मेथडिस्ट चर्च, १९०७ चे बॅप्टिस्ट चर्च, शाळा, सभागृह आणि सेंट फ्रान्सिस हॉटेल, जिथे गावाची पहिली टपाल कचेरी चालली. सगळ्याच सरकारच्या मालकीच्या नाहीत, काही आजही खासगी किंवा स्थानिक हातांत आहेत. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मेळाव्याला देशभरातून वंशज येतात आणि त्या दिवसांत गावात शेकडो माणसे असतात.

मान्यता मिळाली ती आखलेल्या गावाला. संरक्षण आहे ते त्या मूळच्या १६० एकरांत उभ्या इमारतींना. ज्या जमिनींनी १८८८ नंतरची पन्नास वर्षे ही वस्ती जगवली, त्या होमस्टेड नोंदींच्या शेतजमिनी या हद्दीबाहेर आहेत, आणि त्यांच्यावर असे कोणतेही संरक्षण नाही. त्यातल्या काही अजून मूळ कुटुंबांच्या नावावर आहेत, पुष्कळ विकल्या गेल्या. ज्या राहिल्या त्यांतल्या बऱ्याच बाहेरगावी राहणाऱ्या वारसांनी शेजारच्या मोठ्या शेतकऱ्यांना खंडाने दिलेल्या आहेत. वारस वाढतात तसे हिस्से पडतात आणि विक्री सोपी होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅन्ससमधल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी संघटना उभारली आणि पुढे निकोडेमसच्या परिसरात इथिओपियातले टेफ हे बारीक धान्य लावून पाहिले. थोड्या पावसात येणारे आणि गव्हापेक्षा चांगला भाव मिळवणारे पीक हवे, म्हणजे लहान खातेदाराला जमीन विकावी लागणार नाही, हा त्यामागचा हिशेब. शेतजमिनींची मालकी कुटुंबांकडे टिकवण्यासाठी आज जे प्रयत्न आहेत ते या शेतकऱ्यांचे आणि वंशजांचे आहेत. स्थळाच्या कायद्यात त्या जमिनींसाठी तरतूद नाही.